क्रायोवाची चार विजेतेपदे कोणाच्या नावावर लिहायची?

मध्यरेषा
युरोपातील राजधानीबाहेरच्या फुटबॉल संघांवर मी जी लेखमाला लिहीत आहे तिच्यात आता रोमानियाची पाळी आली आहे आणि मी क्रायोवाच्या 'युनिव्हर्सिताटेआ' या संघापाशी अडलो आहे. माहिती भरपूर आहे. अडचण ही आहे की एकाच संघाची दोन चरित्रे समोर येतात आणि दोन्ही स्वतःला मूळ म्हणवतात.

१९४८ मध्ये विद्यापीठाशी जोडलेला संघ स्थापन झाला, १९६४ मध्ये तो अव्वल श्रेणीत आला आणि १९७४, १९८०, १९८१ व १९९१ अशी चार वेळा राष्ट्रीय विजेता ठरला. इथपर्यंत कोणाचाही वाद नाही. १९९१ नंतर फुटबॉल विभाग विद्यापीठाच्या क्रीडासंस्थेपासून वेगळा होऊन स्वतंत्र क्लब बनला आणि पुढे खासगी मालकाच्या हाती गेला. २००५ मध्ये हा क्लब १९६४ नंतर प्रथमच खालच्या श्रेणीत घसरला आणि जुलै २०११ मध्ये रोमानियाच्या फुटबॉल महासंघाने त्याची संलग्नताच रद्द केली. २०१३ मध्ये शहराच्या पाठबळावर त्याच नावाचा आणि त्याच पांढऱ्या-निळ्या रंगांचा संघ नव्याने उभा राहिला. जुने मालक आद्रियान मितितेलू यांनीही दावा सोडला नाही. त्यांचा संघ २०१७ मध्ये चौथ्या श्रेणीतून सुरू होऊन २०२१ मध्ये अव्वल श्रेणीत पोहोचला, म्हणजे एका शहरात एकाच नावाचे दोन संघ एकाच स्पर्धेत खेळू लागले.

माझा कल असा आहे की करार, नोंदणी आणि कर्जे ज्या संस्थेकडे सलग राहिली, इतिहासही तिचाच मानावा. जाणकारांनी आपले मत सांगावे.

बाकावरचा
हा सरळ सरळ सातबाऱ्याचा वाद दिसतो. जमीन कसणारा एक, उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे आणि तलाठी रजेवर.

ओल्टूपार
वाहन उद्योगातील कामानिमित्त मी काही काळ क्रायोवात राहिलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

हा संघ समजून घ्यायचा असेल तर आधी ओल्टेनिया हा प्रदेश समजून घ्यावा लागतो. ओल्ट नदीच्या पश्चिमेचा, दक्षिणेला डॅन्यूबपर्यंत पसरलेला हा शेतीप्रधान भाग, आणि क्रायोवा हे त्याचे मुख्य शहर. मध्ययुगात येथे 'बान' ही पदवी असलेला प्रांताधिकारी बसत असे, म्हणून शहराला आजही 'बनिये' म्हणतात आणि संघाच्या खेळाडूंना 'बनियेचे सिंह'. समाजवादी राजवटीत येथे विजेची अवजड यंत्रे आणि रेल्वे इंजिने बांधणारा 'एलेक्त्रोपुतेरे' हा प्रचंड कारखाना होता, नंतर मोटारींचा कारखानाही आला. बुखारेस्टच्या लोकांनी ओल्टेनियाच्या माणसावर केलेले विनोद मात्र या कारखान्यांमुळे थांबले नाहीत. फुटबॉलच्या मैदानावर राजधानीला उत्तर देता येते हे या प्रदेशाला ओब्लेमेन्कोच्या काळात उमगले.

इयॉन ओब्लेमेन्को हा कोराबिया या डॅन्यूबकाठच्या गावचा. तो चार हंगामांत रोमानियातील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. १९७२-७३ च्या हंगामात क्रायोवा आणि बुखारेस्टचा दिनामो यांचे गुण समान झाले आणि गोलफरकावर विजेतेपद दिनामोला मिळाले. आद्रियान पऊनेस्कू या कवीने क्रायोवाला दिलेले 'एका महान प्रेमाची विजेती' हे बिरुद त्याच काळातले आहे. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, खरे विजेतेपदही आले आणि ओल्टेनियात ते प्रथमच आले. ओब्लेमेन्को १९९६ मध्ये मोरोक्कोत प्रशिक्षक असताना वारला आणि शहराच्या स्टेडियमला त्याचे नाव देण्यात आले. जुने स्टेडियम पाडून तेथेच बांधलेले, सुमारे तीस हजार प्रेक्षकांचे नवे स्टेडियम २०१७ मध्ये खुले झाले, तेव्हाही नाव तेच राहिले.

आता मध्यरेषा यांच्या प्रश्नाकडे येतो. तेथील जुन्या प्रेक्षकांना विचारले तर ते नोंदणीबद्दल बोलत नाहीत, त्या संघाचा मधल्या फळीतील खेळाडू इलिये बालाच याच्याबद्दल बोलतात. हे उत्तर कायद्याला पुरेसे नाही याची मला जाणीव आहे.

अनुस्वार
बालाचचा उल्लेख झालाच आहे तर १९८२-८३ च्या युएफा चषक या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेबद्दल लिहिलेच पाहिजे, कारण या क्लबच्या इतिहासातील सर्वांत मोठा अध्याय तोच आहे आणि चार विजेतेपदांपेक्षाही दोन्ही बाजूंना खरे तर तोच हवा आहे.

त्या संघात गोलरक्षक सिल्वियू लुंग, बचावात कोस्तिक श्तेफनेस्कू, तिलिहोई, नेग्रिल आणि उंगुरेआनू, मध्यभागी त्सिक्लेआनू आणि इलिये बालाच, पुढे कमातारू, क्रिशान आणि जॉल्गाऊ असे खेळाडू होते. प्रशिक्षक होते कॉन्स्तान्तिन ओत्सेत. पहिल्या फेरीत इटलीच्या फियोरेन्तिनाला घरच्या मैदानावर ३-१ असे हरवले आणि फ्लॉरेन्समधील ०-१ हा पराभव पचवून ते पुढे गेले. आयर्लंडचा शॅमरॉक रोव्हर्स फारसा आडवा आला नाही. बोर्दोविरुद्ध फ्रान्समध्ये ०-१ अशी हार झाली, पण क्रायोवात जादा वेळेत २-० असा विजय मिळाला.

उपान्त्यपूर्व फेरीत पश्चिम जर्मनीच्या कायझर्सलाउटर्नकडून ते परक्या मैदानावर २-३ असे हरले. परतीच्या सामन्यात गोलशून्य बरोबरीही पुरेशी नव्हती. सामना संपत आला असताना नेग्रिल या बचावपटूने गोल केला, एकूण गोल ३-३ झाले. एकूण गोल समान असले तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जाई, या तेव्हाच्या नियमाने आणि तेथे केलेल्या दोन गोलांच्या बळावर क्रायोवा उपान्त्य फेरीत पोहोचला. त्याआधी रोमानियाचा कोणताही संघ या स्पर्धेत इतका पुढे गेला नव्हता.

उपान्त्य फेरीत स्वेन-योरान एरिक्सन यांचा बेन्फिका समोर होता. लिस्बनमध्ये ०-० अशी बरोबरी झाली. क्रायोवात बालाचने पूर्वार्धातच गोल केला आणि अंतिम फेरी दिसू लागली, पण उत्तरार्धात फिलिपोविचने बरोबरी साधली. दोन सामन्यांचे एकूण १-१, आणि परक्या मैदानावर गोल केलेला बेन्फिका अंतिम फेरीत. ज्या नियमाने मार्चमध्ये तारले त्यानेच एप्रिलमध्ये बुडवले. एकही सामना न हरता उपान्त्य फेरीतून बाहेर पडणे हे मला साध्या पराभवाहून अधिक जिव्हारी लागणारे वाटते. तो बेन्फिकाही पुढे अन्देरलेख्टकडून अंतिम फेरीत हरला.

प्राची_ग
अनुस्वार, हे तपशील एकत्र वाचायला मिळाले याबद्दल आभार. एक शंका आहे. हा संघ अचानक उगवला की आधीपासून चढत होता?

अनुस्वार
आधीपासून चढत होता. १९७९ मध्ये त्यांनी युएफा चषकात लीड्स युनायटेडला दोन्ही सामन्यांत २-० असे हरवले, म्हणजे इंग्लंडमध्ये जाऊनही. १९८१-८२ मध्ये ते युरोपीय चषकाच्या, म्हणजे देशोदेशीच्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेच्या, उपान्त्यपूर्व फेरीत पोहोचले आणि तेथे बायर्न म्युनिखकडून क्रायोवातच ०-२ असे हरले. म्युनिखमध्ये १-१ अशी बरोबरी करूनही उपयोग झाला नाही. या पिढीला रोमानियात 'क्रायोवा माक्सिमा' म्हणतात. त्या तीन-चार वर्षांत दोन विजेतेपदे आणि दोन राष्ट्रीय चषकही त्यांनी जिंकले.

जास्वंद
वरच्या प्रतिसादांतून 'राजधानीचे बलाढ्य संघ आणि बिचारा प्रांत' असे जे चित्र तयार होत आहे त्याच्याशी मी पूर्ण सहमत नाही.

दिनामो हा गृहखात्याचा आणि स्तेआवा हा सैन्याचा संघ होता, सक्तीच्या लष्करी सेवेच्या वाटेने खेळाडू ओढून घेणे सैन्याच्या संघाला सोपे होते, हे सर्व खरे आहे. पण प्रांतातील संघ केवळ भावनेवर चालत होते असेही नाही. तेथे पक्षाचे जिल्हा सचिव होते, कारखाने होते, विद्यापीठ होते. कागदावर सर्व खेळाडू हौशी असत, म्हणजे कोणी विद्यार्थी तर कोणी कामगार, आणि प्रत्यक्षात त्यांना घर, पगार आणि सवलती यांतून मिळत. प्रांताला सत्तेचा हात लागला की काय होते याचे टोकाचे उदाहरण हवे असेल तर रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याच्या जन्मगावचा, स्कॉर्निचेश्तचा संघ पाहा. १९७८ मध्ये बढतीसाठी गोलफरक हवा होता आणि त्यांनी स्लातिनाच्या एका संघाला १८-० असे हरवले. ते गाव म्हणजे जेमतेम एक मोठे खेडे, आणि तेथे मोठे स्टेडियम उभे राहिले.

क्रायोवाला या रांगेत बसवण्याचा माझा हेतू नाही, कारण लीड्स आणि कायझर्सलाउटर्नला कोणी फोन करून हरवत नाही. तरीही ज्या संस्थेच्या वारशाबद्दल आपण भांडत आहोत ती १९८३ मध्ये आजच्या अर्थाने क्लबच नव्हती; ती सरकारी क्रीडासंस्थेची एक शाखा होती. मग खासगी कंपनीकडे तो वारसा कोणत्या मार्गाने आला, हे मध्यरेषा यांनी सांगावे.

बाकावरचा
१८-०? पंचांना शिट्टी वाजवायला श्वास तरी उरला होता का?

कुणकेश्वर
जास्वंद यांच्या मुद्द्याला एक जोड देतो. याच क्रायोवाचा रोदियॉन कमातारू १९८६ मध्ये दिनामोकडे गेला आणि १९८६-८७ च्या हंगामात ४४ गोल करून त्याने युरोपातील सर्वाधिक गोलांचा 'सोनेरी बूट' मिळवला. हंगामाच्या शेवटच्या काही सामन्यांत त्याच्या गोलांचा असा पाऊस पडला की सगळ्या युरोपाने भुवया उंचावल्या, आणि पुढे ऑस्ट्रियाच्या टोनी पोल्स्टरलाही त्याच वर्षाचा बूट देण्यात आला. वाईट याचे वाटते की क्रायोवात असतानाचा कमातारू खरोखरच उंच, ताकदवान आणि उपयुक्त आघाडीपटू होता, आणि जगाच्या लक्षात राहिला तो हा संशय.

प्राची_ग
खेळाडूंचा विषय निघालाच आहे तर गेऑर्गे पोपेस्कू याच संघातून आला ना? बार्सिलोनाचा कर्णधार झालेला?

कुणकेश्वर
होय, तोच. डॅन्यूबकाठच्या कालाफात गावचा. क्रायोवातून काही महिने स्तेआवाकडे, पुन्हा क्रायोवात आणि १९९० मध्ये आइंडहोवनला. २००० मध्ये गालातासरायने आर्सेनलविरुद्ध युएफा चषक जिंकला तेव्हा निर्णायक पेनल्टी त्यानेच मारली. शिवाय तो आणि रोमानियाचा प्रसिद्ध मधल्या फळीतील खेळाडू हाजी एकमेकांचे साडू आहेत.

बाकावरचा
म्हणजे रोमानियाच्या मधल्या फळीतील ताळमेळ सासुरवाडीत जमत होता.

मध्यरेषा
जास्वंद, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे माझे उत्तर असे आहे. १९९१ चे विजेतेपद आणि त्याच वर्षीचा राष्ट्रीय चषक जिंकणारा संघ, म्हणजे सोरिन कर्त्सू प्रशिक्षक असलेला आणि सन्दोई, पावेल बादेआ यांचा संघ, खेळाडू व स्पर्धेतील जागा यांसह नव्या क्लबमध्ये गेला. जागा, खेळाडू आणि प्रेक्षक एकाच वेळी, एकाही सामन्याचा खंड न पडता हस्तांतरित झाले. त्या क्लबने १९९३ चा चषक जिंकला, क्रायोव्हेआनूसारखा गोल करणारा खेळाडू घडवला आणि २०११ पर्यंत युनिव्हर्सिताटेआ म्हणून दुसऱ्या कोणाचेही नाव घेतले जात नव्हते. उलट २०१३ मध्ये जे उभे राहिले त्यात आणि आधीच्या संघात दोन हंगामांचे अंतर आहे. वारसा हस्तांतरित होतो असे मानले तर तो १९९१ मध्ये झाला, आणि होत नाही असे मानले तर २०१३ च्या संघालाही तो मिळत नाही.

ओल्टूपार
युक्तिवाद नेटका आहे, पण त्यात एक गोष्ट सुटते. विद्यापीठाची क्रीडासंस्था १९९१ मध्ये संपली नव्हती. इतर खेळांच्या शाखा घेऊन ती चालूच राहिली. २०१३ च्या बाजूचे म्हणणे असे की मूळ संस्थेने आपली फुटबॉल शाखा पुन्हा सुरू केली, एवढेच. त्यांच्या मते मधली वीस वर्षे हा भाडेकरूचा काळ होता.

दुसरे म्हणजे, २०११ ची हकालपट्टी कशी झाली तेही लक्षात घ्यायला हवे. माजी प्रशिक्षक व्हिक्टर पित्सुर्क यांच्या कराराच्या वादात क्लबने क्रीडा-न्यायव्यवस्थेबाहेर जाऊन दिवाणी न्यायालयाचे दार ठोठावले, आणि फुटबॉलच्या नियमांत त्याला मनाई आहे, या कारणावरून महासंघाने संलग्नता काढली. खेळाडू एका झटक्यात मुक्त झाले आणि दुसरीकडे गेले. मालकाच्या भांडखोर स्वभावाबद्दल शहरात फारशी सहानुभूती नव्हती, पण शिक्षा मात्र मालकाबरोबर सगळ्या शहराला झाली. पुढचे दोन हंगाम या नावाचा संघ रोमानियाच्या वरच्या श्रेण्यांत नव्हता. २०१३-१४ मध्ये तर दोन्ही संघ दुसऱ्या श्रेणीत एकदमच उतरले. जुना संघ दिवाळखोरीमुळे हंगाम पूर्ण करू शकला नाही आणि नवा अव्वल श्रेणीत गेला.

जास्वंद
'भाडेकरूचा काळ' हे पटत नाही. भाडेकरूने १९९३ चा चषक जिंकला आणि तो घरमालकाच्या कपाटात ठेवायचा, हा कोणता न्याय?

मडगावकर
आमच्या गोव्यात २०१६ मध्ये साळगावकर, डेम्पो आणि स्पोर्टिंग या तिन्ही जुन्या क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतली, पण त्यांची पदके एफसी गोवाच्या नावावर लिहा असे कोणी म्हटले नाही. त्यामुळे क्रायोवाचे भांडण मला जरा चैनीचे वाटते: तेथे निदान दोन दावेदार तरी आहेत.

अनुस्वार
रोमानियातच दोन्ही प्रकारची उदाहरणे आहेत. उर्झिचेन या लहानशा गावचा उनिरेआ हा संघ २००९ मध्ये राष्ट्रीय विजेता झाला, त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये खेळला आणि दोन वर्षांत नाहीसा झाला. त्या विजेतेपदासाठी कोणी कोर्टात गेले नाही, कारण पैसा गेला तशी त्याच्यामागची गर्दीही गेली. याउलट स्तेआवाचे पाहा. सैन्याने नावावर हक्क सांगितला, खासगी क्लबला २०१७ मध्ये 'एफसीएसबी' या अक्षरांवर समाधान मानावे लागले आणि सैन्याने आपला वेगळा संघ चौथ्या श्रेणीत उतरवला. १९८६ चा युरोपीय चषक कोणाचा, यावर तेथे आजही हाणामारीची वेळ येते. टिमिश्वारालाही प्रेक्षक एका संघामागे आणि नाव दुसऱ्याकडे अशी स्थिती आली होती. १९९० नंतर सरकारी क्रीडासंस्थांतून फुटबॉल बाहेर काढताना नाव, चिन्ह आणि इतिहास यांचे स्पष्ट दस्तऐवज केले गेले नाहीत, हे या सर्वांमागचे समान कारण मला दिसते. त्या घाईच्या वर्षांत चिन्हाला बाजारभाव येईल असे कोणाला वाटले नसावे.

प्राची_ग
प्रेक्षक कोणाबरोबर गेले, हा प्रश्न अजून कोणी नीट हाताळलेला नाही. ओल्टूपार?

ओल्टूपार
बहुसंख्य नव्या, म्हणजे २०१३ च्या संघाबरोबर गेले. एक कडवा गट जुन्या मालकाच्या संघाबरोबर राहिला. एकाच घरात दोन मते असल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. नव्या संघाने २०१८ आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय चषक जिंकला. ऑगस्ट २०२० मध्ये शेवटच्या फेरीत क्लुजच्या संघाला घरी हरवले असते तर १९९१ नंतरचे पहिले विजेतेपद मिळाले असते, पण क्लुज ३-१ असा जिंकला. साथीमुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. तीस हजारांचे नवे स्टेडियम आणि इतका मोठा सामना रिकाम्या खुर्च्यांसमोर, हे मला त्या पराभवाइतकेच क्रूर वाटते.

सोरिन कर्त्सूंबद्दलही लिहायला हवे. ते १९८० आणि १९८१ च्या विजेत्या संघांत खेळाडू होते, १९९१ च्या संघाचे प्रशिक्षक होते आणि नव्या संघाचे अध्यक्ष झाले. दोन्ही बाजूंना हवा असलेला इतिहास ज्याने स्वतः खेळला तो माणूस एका बाजूला उभा राहिला, तेव्हा शहरातील पुष्कळांचा निर्णय तेथेच झाला.

जास्वंद
माणूस बाजू निवडू शकतो. त्याची पदकेही त्याच्याबरोबर बाजू बदलतात असे नाही. बालाच २०१८ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या अंत्यदर्शनाला आलेल्यांना कोणी तुम्ही कोणत्या संघाचे असे विचारले असेल असे वाटत नाही.

मध्यरेषा
सर्वांचे आभार. चर्चेनंतर नोंद अशी करायचे ठरवतो: १९७४, १९८० आणि १९८१ ही विजेतेपदे '१९४८ ची क्रीडासंस्था' या नावाखाली; १९९१ चेही तेथेच, कारण विभाजन त्यानंतर झाले; १९९३ चा चषक १९९१ नंतरच्या क्लबच्या नावे; २०१८ आणि २०२१ चे चषक नव्या संघाच्या नावे. एकूण बेरीज कोणापुढेही लिहिणार नाही.

ओल्टूपार
हा तक्ता क्रायोवात दाखवलात तर दोन्ही गट प्रथमच एकत्र येतील, तुमच्या विरोधात.

अनुस्वार
मला नोंद मान्य आहे, फक्त १९८३ ची उपान्त्य फेरी तक्त्याबाहेर राहता कामा नये, मग ती हरलेली का असेना. आणि पुढचा लेख आरादवर करावा अशी विनंती. कापडगिरणीच्या मालकाने १९४५ मध्ये काढलेला तो संघ सहा वेळा विजेता झाला आहे आणि १९७० मध्ये त्याने युरोपविजेत्या फेयेनूर्डला रॉटरडॅममधील १-१ च्या बळावर स्पर्धेबाहेर काढले होते.

बाकावरचा
आरादला दावेदार किती आहेत, ते आधीच सांगून ठेवा.